दुखणाइताचा पेला आधी कोणी चाखावा?

कर्करोगावरील उपचार सुरू झाले की घरात रसांची वर्दळ सुरू होते. कोणी गाजरे आणून देतो, कोणी बीट, कोणी दुधीचे गुण गातो. या मायेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु भाजीच्या रसाने कर्करोग बरा होतो असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. पेयाचे काम वेगळे, आणि तेही लहान नव्हे. ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, त्याच्या पोटात पाणी व थोडेफार अन्न जावे, एवढ्यासाठी ते आहे.

अडचण असते ती जिभेची. औषधांमुळे अनेकांच्या तोंडाला धातूसारखी वा कडवट चव येते. तोंडावर किंवा गळ्यावर किरणोपचार झाल्यास लाळ आटते व चवही मंदावते. बहुतेकांस ती उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा येते. तोवर काल आवडीने घेतलेला पेला आज तसाच परत येतो. गृहिणीने तो आपल्या हाताचा अपमान समजू नये.

म्हणून एकच पेला काठोकाठ भरून पुढे ठेवण्याऐवजी दोन-तीन पेये चमचा-चमचा चाखावयास द्यावीत. आधी कोमट पाण्यात चिमूटभर मीठ व खाण्याचा सोडा घालून चूळ भरू द्यावी. टोमॅटोचे सार अनेकांच्या मंदावलेल्या जिभेस रुचते. तोंड आले असेल तर मात्र आंबट व तिखट वर्ज्य. बीटाचा मातकट वास आमच्याही नाकाला सोसत नाही. लिंबाने तो जरा झाकतो. (बीटाने लघवी तांबडी झाली तर घाबरू नये.) नुसत्या भाजीच्या पाण्यात बळ थोडे, लाल भोपळा मुगाच्या डाळीबरोबर शिजवून गाळलेले कढण त्याहून बरे. गरम पेयाचा वास उठतो, म्हणून ते निववून द्यावे. धातूची चव येत असल्यास स्टीलऐवजी काचेचा पेला घ्यावा. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना कच्च्या रसापेक्षा शिजवलेलेच बरे. पातळ पेयाने ठसका लागत असेल तर तत्काळ डॉक्टरांस सांगावे.

आवडनिवड रुग्णाची, पण पहिली चव निरोगी माणसाचीच हवी, हे आम्ही आग्रहाने सांगतो. २०१० साली दिल्लीत दुधी व कारल्याचा मिश्र रस प्यालेल्या एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सांगितले की, रस काढण्यापूर्वी दुधीची लहानशी फोड चाखावी, कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा, आणि त्याच्या रसात दुसरा रस मिसळू नये. कडू दुधीतील कुकर्बिटासिन हे विष शिजवूनही जात नाही. ज्याला सारेच कडू लागते, त्या रुग्णाला हा कडूपणा कसा ओळखू यावा? भोपळा, काकडी, दोडका ही याच कुळातली. त्यांचीही फोड चाखावी. असा रस पोटात जाऊन मळमळ, उलटी वा जुलाब झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता इस्पितळ गाठावे.

जाता जाता एक गोष्ट. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वीचा एक तासाचा उपवास आजाऱ्यांस व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांस बंधनकारक नाही, असे १९८३ च्या धर्मसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. धर्मगुरू ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी यावयाचे म्हणून सकाळपासून ओठ कोरडे ठेवणाऱ्या आजीबाईंनी खुशाल दोन घोट घ्यावेत, आणि चाखून देणाऱ्या सूनबाईंनीही.