होडीतून ठेवलेली नावे

स्कॉटलंडच्या वायव्येच्या अगदी टोकाला केप रॉथ नावाचे भूशिर आहे. इंग्रजीत ‘रॉथ’ म्हणजे क्रोध. खडकांवर आदळणाऱ्या अटलांटिकचा तो संताप, असे मी एकदा वर्गात मोठ्या रंगात येऊन सांगितले होते. पुढे कोश उघडला आणि ओशाळलो. मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, नॉर्वेकडून आलेल्या दर्यावर्दींचा. अर्थ, वळण! ऑर्कनी बेटांवरून पश्चिमेला निघालेल्या गलबताने इथे दक्षिणेला वळायचे, एवढेच. राग कोणाचाच नव्हता.

तेव्हापासून हा किनारा कोश घेऊन वाचायचा छंदच जडला. ऑर्कनीतल्या कर्कवॉलच्या नावात इंग्रजी कानाला भिंत ऐकू येते. पण ते आहे ‘चर्चची खाडी’. मूळ भाषा विसरली, की लोक परका शब्द ओळखीच्या शब्दात कोंबून बसवतात. शेटलंडचे लेरविक म्हणजे चिखलाची खाडी. खरी गंमत सदरलंडची. अर्थ ‘दक्षिणेचा मुलूख’, आणि प्रांत तर स्कॉटलंडच्या उत्तरेला! पण नाव देणारा त्याच्याही उत्तरेला होता. त्याला ती दक्षिणच. शेजारच्या केथनेसमधला ‘नेस’ म्हणजे भूशिर. त्याचे नाते नाकाशी, म्हणजे आपल्या नासिकेशीही.

ही बेटे स्कॉटलंडकडे आली ती हुंड्यापायी. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाला मुलीच्या हुंड्याची रोकड जमेना, म्हणून त्याने १४६८ मध्ये ऑर्कनी आणि १४६९ मध्ये शेटलंड जावयाकडे गहाण टाकले. गहाण कधी सुटलेच नाही. (हुंड्याची ही तऱ्हा आपल्याकडच्या वधूपित्यांना नवी वाटू नये.) मग स्कॉट्स बोली पसरत गेली आणि बेटांवरची ‘नॉर्न’ भाषा हळूहळू विझली.

१८९३ मध्ये याकोब याकोबसेन हा तरुण पंडित शेटलंडला आला. तो फॅरो बेटांचा. त्याची मायबोली नॉर्नची सख्खी बहीण. भाषा मेली होती, पण कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडी तिचे हजारो शब्द होते. १८९५ पर्यंत हिंडून त्याने ते टिपले. खडकांची, ओहोळांची, शेतांच्या तुकड्यांची नावेसुद्धा. अशी नावे तिथे होडी हाकणाऱ्यालाच लागतात किंवा तिथली जमीन कसणाऱ्याला. त्यांचे येणे-जाणे थांबले, की ती कोण उच्चारणार?

काही शब्द मात्र तिथल्या बोलीत आजही आहेत. कड्यातली समुद्र आत घेणारी अरुंद चीर म्हणजे ‘ग्यो’. लांब खाडी ती ‘व्हो’. आणि होडी ओढून ठेवण्यासाठी किनाऱ्यावर तिच्याच आकाराचा खणलेला खळगा म्हणजे ‘नूस्ट’. पुष्कळ ठिकाणी होडी केव्हाच गेली; खळगा गवताखाली अजून दिसतो.