लव्हाळा : उपटला तरी उगवणारा

पावसाळ्यात शाळेच्या मैदानाच्या कडेला किंवा बागेतल्या हरळीत जरा नीट पाहा. हरळीच्या वर डोके काढलेली, गडद हिरवी, चकचकीत पाती दिसतील. त्यांत तांबूस तुऱ्याचा एखादा दांडा असेल, तर तो खुडून दोन बोटांत फिरवा. गवताचा दांडा बहुधा गोल व पोकळ असतो. हा तिधारी आणि भरीव लागेल. म्हणजे हे गवत नव्हेच. हा लव्हाळा. शास्त्रीय नाव सायपेरस रोटुंडस.

आता तो उपटा. पाती सहज हातात येतील. पण थोड्याच दिवसांत त्याच जागी नवा कोंब हजर! कारण शोधायचे तर खुरप्याने वीतभर खणा, मात्र हलक्या हाताने. पात्यांच्या बुडाशी लहानसा गड्डा, त्यातून निघालेला तारेसारखा चिवट आडवा धागा, त्यावर एक काळपट गाठ, तिच्यापुढे पुन्हा धागा, पुन्हा गाठ, अशी माळच सापडेल. या गाठी मुळे नव्हेत, बटाट्यासारखी जमिनीत वाढलेली खोडे आहेत. बटाट्याप्रमाणेच त्यांत पिष्ट साठवलेले असते आणि त्यांवर डोळे असतात. एक कोंब मोडला, तर दुसरा डोळा फुटतो.

खरी गंमत पुढेच आहे. माळ अखंड असते तोवर तिच्यातल्या बऱ्याच गाठी निजलेल्या असतात. पुढची गाठ मागच्या गाठींना फुटू देत नाही. तुळशीचा शेंडा खुडला की खालून फांद्या फुटतात ना? त्यामागचेच हे तत्त्व, अग्रप्रभाव. नांगराचा फाळ माळेतून गेला की गाठी सुट्या होतात, धाक संपतो आणि प्रत्येक गाठ आपले वेगळे रोप उभे करते. शेतकऱ्याने घाम गाळावा आणि पीक लव्हाळ्याचे वाढावे! जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर 1977 साली एक ग्रंथ निघाला. त्यात पहिला क्रमांक याचाच होता.

मग उपाय? दोन गोष्टी याला सोसत नाहीत, कडक ऊन आणि दाट सावली. उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी उघड्या पाडल्या, की त्या सुकून मरतात. दाट वाढणाऱ्या पिकाखाली तो खुरटतो.

या गाठींचा वास मात्र घ्याच. दिवाळीच्या उटण्याची आठवण होईल, कारण उटण्यातला नागरमोथा तो हाच. (बाजारात त्याच्या भाऊबंदांच्या गाठीही याच नावाने विकल्या जातात.) आयुर्वेदात ही ‘मुस्ता’, तापात देण्याच्या षडंगोदकात ती असते. गाठींचे सुगंधी तेल अत्तरांत वापरतात. रानडुकरांना त्या फार आवडतात, आणि हे कालिदासाच्या नजरेतूनही सुटले नव्हते. माणसानेही त्या खाल्ल्या आहेत. सुदानमध्ये खार्टूमजवळ अल खिदाय येथे सापडलेल्या प्राचीन सांगाड्यांच्या दातांवरील किटणात लव्हाळ्याचे अंश आढळले, असे 2014 साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एका काळातील लोकांचे किडके दात फारच थोडे होते. दात किडवणाऱ्या जिवाणूला हा कंद रोखतो, म्हणून असे झाले असावे, असा संशोधकांचा तर्क आहे.

एक प्रयोग करून पाहा. एका कुंडीत चार गाठींची अखंड माळ लावा, दुसरीत तशाच चार गाठी सुट्या करून. पाणी सारखेच द्या आणि रोज कोंब मोजा. प्रयोग संपल्यावर त्या कुंड्यांची माती बागेत टाकू नका. गाठी वेचून गच्चीवर उन्हात पसरा आणि पार सुकल्यावरच फेका.