लहान गावाच्या परिसरातील आकाशनिरीक्षण-स्थळांची निवड : जुन्नर तालुक्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

महाविद्यालयात आकाशनिरीक्षणाचा कार्यक्रम आखावयाचा म्हटले की चर्चेचा प्रारंभ बहुधा दुर्बिणीपासून होतो. दुर्बीण कोणती घ्यावी, तिच्यासाठी निधी कोठून मिळवावा, ती हाताळणार कोण, हे प्रश्न अग्रक्रमाने येतात. निरीक्षण कोठून करावयाचे हा प्रश्न मात्र ‘महाविद्यालयाच्या मैदानावरून’ या एका उत्तराने निकालात निघतो. वस्तुतः हा क्रम उलटा असावयास हवा. देवयानी दीर्घिका काळोख्या माळावरून नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि साध्या द्विनेत्रीतून तिचा लांबट विस्तार ध्यानात येतो. दिव्यांनी उजळलेल्या मैदानावर त्याहून कितीतरी मोठी दुर्बीण लावली तरी केंद्राजवळचा एक अंधूक ठिपका तेवढा हाती लागतो. दुर्बीण प्रकाश गोळा करते. पण आकाशाची पार्श्वभूमी काळी करणे तिच्या सामर्थ्याबाहेरचे आहे.

प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील जुन्नर या लहान गावाचे उदाहरण घेऊन अशा जागेचा शोध कसा घ्यावा याचे विवेचन केले आहे. जुन्नरच्या निवडीमागे कारण आहे. तालुक्याच्या पूर्व भागात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, तर शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवली येथे ‘आयुका’ या संस्थेची दोन मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण २००६ मध्ये कार्यान्वित झाली. पहिल्या ठिकाणी मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट अल्प असणे आणि दुसऱ्या ठिकाणी आकाश पुरेसे काळोखे असणे हे निवडीचे महत्त्वाचे निकष होते. ज्या परिसराची निवड व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी केली, तेथील विद्यार्थ्यांना आकाशगंगेचा पट्टा ओळखता येऊ नये, ही विसंगती अध्यापकाच्या मनाला लागणारी आहे.

गाव लहान म्हणून आकाश काळोखे?

लहान गावाजवळ आकाश आपोआपच चांगले असते, असा समज सर्वत्र आढळतो. तो तपासून पाहण्यास एक सोपे साधन उपलब्ध आहे. मर्ल वॉकर यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या अनुभवाधिष्ठित सूत्रानुसार एखाद्या वस्तीमुळे आकाशात निर्माण होणारी उजळण ही त्या वस्तीच्या लोकसंख्येच्या सम प्रमाणात असते आणि अंतराच्या अडीचाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे अंतर दुप्पट केले की उजळण सुमारे साडेपाच ते सहा पटींनी कमी होते.

आता हे सूत्र जुन्नरला लावून पाहू. जुन्नर नगराची लोकसंख्या सुमारे २५ हजार धरू. दक्षिणेस सुमारे ७५ किलोमीटरवर (रस्त्याचे नव्हे, सरळ रेषेतील अंतर) पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांचा ५० लाखांचा जनसमूह धरू. जुन्नरपासून पाच किलोमीटरवरील निरीक्षकाच्या दृष्टीने गणित मांडल्यास असे दिसते की, जुन्नरची उजळण पुण्याच्या उजळणीच्या चौपटीहून अधिक भरते! दोहोंची बरोबरी होण्यास गावापासून सुमारे नऊ किलोमीटर दूर जावे लागते. हे आकडे ढोबळ आहेत. दरडोई प्रकाशवापर सर्वत्र सारखा असतो आणि हवा स्वच्छ असते, ही गृहीतके त्यांच्यामागे आहेत. परंतु त्यांतून निघणारा निर्णय व्यवहार्य आहे. गावाच्या वेशीबाहेर दोन-तीन किलोमीटरवर थांबणे निरर्थक होय. दहा किलोमीटरपर्यंत जाण्याचे श्रम मात्र पुरेपूर फळास येतात. त्याच्याही पलीकडे जावयाचे झाल्यास लाभ अंतरापेक्षा दिशेच्या निवडीतून अधिक होतो.

दिशांचा विचार

या मुद्द्याकडे सहसा दुर्लक्ष होते, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. जुन्नरच्या भोवतालचे प्रकाशस्रोत चारही दिशांना सारखे विखुरलेले नाहीत. दक्षिणेस चाकणची औद्योगिक वसाहत आणि तिच्यामागे पुणे आहे. पश्चिमेस, सह्याद्रीच्या कड्याखाली, कल्याणपासून मुंबईपर्यंतची सलग वस्ती आहे. आग्नेयेस नारायणगाव व पुणे-नाशिक महामार्ग आहे. वायव्येस आणि उत्तरेस मात्र हरिश्चंद्रगडाचा डोंगराळ प्रदेश असून तेथे वस्ती विरळ आहे. अर्थात परिसरातील सर्वांत काळोखे आकाश उत्तरेच्या बाजूस आहे.

अडचण अशी की, आपल्या अक्षांशावरून पाहण्याजोगे बरेच काही दक्षिणेस आहे. जुन्नर सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंश उंचीवर राहतो. त्या बदल्यात दक्षिण खगोलाचा मोठा भाग आपल्या वाट्याला येतो. अगस्त्य मध्यमंडलावर येतो तेव्हा तो सुमारे १८ अंश उंच असतो. त्रिशंकूचा मध्य सुमारे ११ अंशांवर, तर त्यातील सर्वांत दक्षिणेकडील तारा आठ अंशांच्याही किंचित खाली असतो. युरोपातील निरीक्षकाला ज्याचे दर्शन घरबसल्या घडत नाही ते त्रिशंकू आपल्या विद्यार्थ्याला माळावरून दाखविता येते, आणि नेमक्या त्याच दिशेला पुण्याच्या उजेडाचा फिकट घुमट क्षितिजावर बसलेला असतो.

यावर उपाय भूरूपांनीच दिला आहे. हात पूर्ण लांब केल्यावर मिटलेल्या मुठीची रुंदी सुमारे दहा अंश आणि मधली तीन बोटे एकत्र धरल्यास ती सुमारे पाच अंश भरतात. दक्षिणेस तीन बोटांएवढ्या उंचीची डोंगररांग असलेली जागा निवडली की घुमटाचा सर्वांत तेजस्वी असा खालचा भाग झाकला जातो, महामार्गावरील दिवे दृष्टीआड होतात आणि त्रिशंकू मात्र रांगेच्या माथ्यावर उभा राहतो. ‘चारही बाजूंनी मोकळे क्षितिज’ हा पाठ्यपुस्तकी निकष म्हणूनच आंधळेपणाने स्वीकारू नये, असे माझे मत आहे. नाणेघाटाच्या कड्याचे उदाहरण बोलके आहे. कोकणात उघडणारे तेथील क्षितिज दिवसा मन हरपून टाकते. पण रात्री तेच उघडेपण कल्याण-मुंबईचा उजेड थेट डोळ्यांत आणते. कड्यावरून थोडे मागे, डोंगराच्या आडोशाला आले तर आकाश स्पष्टपणे सुधारते.

उंची, पाणी आणि धूर

तालुक्यात माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, वडज, चिल्हेवाडी अशी धरणे आहेत. जलाशयाच्या काठी दिवे नसतात, दृष्टी दूरवर जाते आणि वाहन जवळ नेता येते. त्यामुळे प्रथम विचार त्याच जागांचा होतो. आम्हीही तोच केला. कार्तिकातील एका अमावास्येला विद्यार्थ्यांसह एका जलाशयाच्या काठी गेलो असता रात्री दहापर्यंत आकाश अप्रतिम होते. त्यानंतर दुर्बिणीच्या भिंगावर दव साचले, पाण्यावरून धुके सरकू लागले आणि अकराच्या सुमारास कृत्तिकाही दिसेनाशा झाल्या. चूक जागेची नव्हती, आमच्या अज्ञानाची होती. निरभ्र हिवाळी रात्री जमीन झपाट्याने थंड होते, गार हवा जड असल्याने दरीत उतरून साचते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. या तापमान-व्युत्क्रमामुळे दव, धुके आणि धूर ही तिन्ही दरीच्या तळाशी कोंडली जातात. गाळप हंगामात उसाचे पाचट जाळले जाते त्या रात्री तर खोऱ्यावर करड्या थराची चादरच पसरते. खोऱ्याच्या तळापासून शंभर-दोनशे मीटर उंचीवरील पठार बहुधा या थराच्या वर राहते. जलाशयाची जागा सायंकाळच्या पहिल्या प्रहरापुरती, तर पठार रात्रभराच्या निरीक्षणासाठी, अशी विभागणी आम्ही तेव्हापासून स्वीकारली आहे.

गडांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. उंची आणि एकांत यांमुळे ते मोहवितात. परंतु शिवनेरी हे संरक्षित स्मारक असून सूर्यास्तानंतर तेथे थांबता येत नाही. वनक्षेत्रातील अन्य जागांसाठी वनविभागाची लेखी अनुमती पूर्वीच घ्यावी.

बिबट्याचा प्रश्न

जुन्नरच्या संदर्भात हा विषय टाळून जागेची निवड करणे बेजबाबदारपणाचे ठरेल. उसाच्या शेतीत बिबट्या येथे दीर्घकाळ स्थिरावला आहे. २००१ ते २००३ या काळात माणसांवरील हल्ल्यांची मोठी लाट या भागाने अनुभवली आणि हा संघर्ष अद्याप मिटलेला नाही. आकाशनिरीक्षकाला हवा असलेला काळोख, शांतता आणि स्तब्धता या तिन्ही गोष्टी येथे धोक्याच्या आहेत. म्हणून ऊस, झुडपे व ओढे यांपासून दूर, चहूकडे उघडे असलेले कातळाचे पठार हीच या तालुक्यातील योग्य जागा होय; मग आकाश अन्यत्र थोडे अधिक काळोखे का असेना. कोणीही एकट्याने गटापासून दूर जाऊ नये, एकटे वाकून वा बसून राहू नये, मुलांना मध्यभागी ठेवावे आणि बोलणे चालू ठेवावे. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि पांढरा प्रकाश ती क्षणात मोडतो, म्हणून नकाशा वाचण्यासाठी तांबडा दिवा वापरावा हे खरेच. तथापि एक प्रखर विजेरी एका जबाबदार व्यक्तीच्या हाती सतत असावी आणि ठराविक वेळाने तिचा झोत सभोवार फिरवावा. त्यामुळे निरीक्षणात व्यत्यय येतो, पण तो सोसावा.

प्रत्यक्ष पडताळणी

जागेची प्राथमिक निवड उपग्रहीय प्रकाश-नकाशावरून करता येते. परंतु असे नकाशे वरून दिसणारा प्रकाश नोंदवितात. विहिरीवरचा एखादा उघडा दिवा त्यांत ठळकपणे उमटत नाही, आणि रात्रीचा विचका करण्यास तो एकटा पुरेसा असतो. म्हणून एकदा दिवसा व एकदा रात्री स्वतः जाऊन यावे. आकाशाची प्रत ठरविण्यासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली नऊ श्रेणींची मापनपद्धती प्रचलित आहे. तिचे सोपे देशी रूप असे करता येईल : वसिष्ठाजवळ अरुंधती सहज दिसते का, पुष्य नक्षत्रातील तारकागुच्छ नुसत्या डोळ्यांनी ढगाळ ठिपक्यासारखा जाणवतो का, आणि पूर्वा व उत्तरा भाद्रपदांच्या चौकोनात किती तारे मोजता येतात. अर्थात ही नक्षत्रे आकाशात उंच असतानाच मोजणी करावी. ती एकाच निरीक्षकाने, एकाच ऋतूत आणि चंद्र नसताना केली तरच दोन जागांची तुलना ग्राह्य ठरते.

वेळेचे नियोजन पंचांगावरून उत्तम साधते. वद्य षष्ठीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या सायंकाळी चंद्राचा उपद्रव नसतो वा अल्प असतो, आणि सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तासाने संधिप्रकाश पूर्णपणे मावळतो. अगस्त्यासाठी फेब्रुवारीच्या पूर्वार्धात रात्री साडेनऊचा सुमार योग्य होय. त्रिशंकू त्याच सुमारास मध्यमंडलावर येतो तो मेच्या पूर्वार्धात, म्हणजे परीक्षा आणि सुट्ट्यांच्या दिवसांत. बहुतेक महाविद्यालयांच्या कार्यक्रमातून तो वगळला जातो त्याचे खरे कारण हे आहे.

जागा एकदा सापडली म्हणजे कायमची सापडली असेही नाही. जगभरातील स्वयंसेवकांच्या २०११ ते २०२२ या काळातील नोंदींवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आकाशाची उजळण वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत होती. या वेगाने ती आठ वर्षांच्या आतच दुप्पट होते. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या जागी आलेल्या शुभ्र एलईडी दिव्यांतील निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. वाडीवरच्या वृद्ध शेतकऱ्यांना मृगातील तिकांडे किंवा सप्तर्षींची बाज पाहून रात्रीचा प्रहर सांगता येतो. त्यांच्या नातवांना तेच तारे आम्ही वहीत काढून दाखवितो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतात प्रथमच, तेव्हा लगतच्या खेड्यांतील पथदिवे बदलून त्यांचा प्रकाश खाली वळविण्यात आला होता. दिवा बंद करण्याची मागणी कोणीही मान्य करणार नाही, बिबट्याच्या प्रदेशात तर ती करूही नये. पण दिव्यावर झाकण बसविण्यास विरोध होत नाही, कारण वाया जाणारा प्रकाश अंगणातच पडतो. आमच्या नेहमीच्या पठाराखाली अशा तीन वस्त्या आहेत. त्यांपैकी एका वस्तीने पत्र्याची झाकणे बसविली असून उरलेल्या दोन वस्त्यांशी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांमार्फत बोलणे चालू आहे.