ओलावा आणि कुरकुर

दिवाळीच्या आठवड्यात मराठी घरात पोहे दोनदा येतात. आधी चिवड्यासाठी: पातळ, चाळलेले, उन्हात टाकून कोरडेठाक केलेले. मग चार दिवस लाडू-करंज्यांची ताटं फिरली की एका सकाळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आज साधे कांदेपोहे कर गं." एकदा ज्यांना ओलाव्यापासून जपायचं, त्यांनाच पुढच्या खेपेला नेमका हवा तेवढा ओलावा द्यायचा. पोह्यांची सगळी विद्या एवढ्यात आली. ती ज्या घरात साधली, त्या घरचे पोहे पाहुणे वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

पोहे म्हणजे मुळात शिजून तयार असलेला तांदूळ. साळ गरम पाण्यात भिजत घालतात, पाणी निथळून घेतात, तापलेल्या वाळूत भाजतात आणि दाणा गरम, मऊ असतानाच चेपतात. भिजताना दाण्यात शिरलेल्या पाण्याची भाजताना वाफ होते आणि त्या वाफेवर आतलं पिष्ट शिजतं. चेपताना तूस सुटतं, कोंडाही बराचसा निघून जातो. म्हणूनच घरी पोहे नुसते धुतले तरी खाण्याजोगे होतात. अवचित पाहुणा आला, पोरं खेळून भुकेली परतली, की घरातली बाई पोह्यांच्या डब्याकडे वळते ती यामुळे. वेळखाऊ काम दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं.

आज ते काम गिरण्या करतात. छत्तीसगडमधलं भाटापारा आणि मध्य प्रदेशातलं उज्जैन ही त्यांची मोठी केंद्रं. आपल्याकडे रायगड जिल्ह्यातलं पेण गणपतींइतकंच पोह्यांसाठी आणि पापडांसाठी ओळखलं जातं. गिरण्या येण्याआधी हेच काम उखळात व्हायचं. कोकणात जमिनीत पुरलेल्या दगडी व्हायनात. दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालत आणि तिसरी दोन घावांच्या मध्ये हाताने दाणे सारत असे. दाणा निवला की चेपला न जाता मोडतो, पोह्यांऐवजी कण्या हाती येतात. त्यामुळे भाजणारीने आणि कांडणारीने एकमेकींचा वेग सांभाळायलाच हवा. एकटीने उरकण्यासारखं हे काम नव्हतं आणि म्हणूनच ते शेजारपाजारच्या बायकांचं झालं.

खरीप भाताची कापणी आणि दिवाळी यांचं नातं इथे लागतं. आश्विनात हळवं भात घरात येतं आणि त्याचे पहिले पोहे नरकचतुर्दशीला खाल्ले जातात. मालवणी मुलखात या दिवसाला चावदिस म्हणतात. पहाटे उटणं लावून आंघोळ, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडायचं, 'गोविंदा गोविंदा' म्हणायचं आणि मग पोहे. तेही एका प्रकारचे नव्हेत. गुळखोबऱ्याचे गोडे, फोडणीचे तिखट, दह्यातले, दुधातले, नारळाच्या रसातले, जसं ज्या घरचं चालत आलं असेल तसे.

गोव्यात हा सोहळा आणखी रंगतो. रात्रभर गावोगाव नरकासुराच्या प्रतिमा मिरवतात, पहाटे त्या जाळतात आणि उजाडल्यावर घरोघर फोव म्हणजे पोहे खायला बोलावणं असतं. रोसातले फोव नारळाच्या रसात गूळ-वेलची घालून केलेले. ताकातल्यांना आलं-मिरचीचा झटका. बटाट फोव पिवळेधमक. सोबत वाटाण्याची उसळ आणि आंबट-गोड आंबाड्याचं काहीतरी. एका वाटीनंतर दुसरी वाटी, एका घरानंतर दुसरं घर. लाडू-चकल्या तिथेही असतात, पण त्या सकाळचा मान पोह्यांचा. देशावरच्या आपण मंडळींनी ही चाल उचलायला हवी असं मला मनापासून वाटतं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर, तळणीच्या ताटाआधी, नव्या तांदळाचे ओलसर पोहे पोटाला फार सोयीचे आहेत.

त्यातही गावठी तांबडे पोहे मिळाले तर सोडू नयेत. तांबड्या तांदळाचा कोंडा त्यांच्यावर थोडा शिल्लक असतो. त्यामुळे चव खमंग लागते आणि ते रसात लवकर विरघळत नाहीत. पाणी मात्र जास्त मागतात.

पोह्यांचा हा मान जुना आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात सुदाम्याची बायको शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून देते. घरात देण्यासारखं काही नसताना जे देता येतं, ते पोहे. आपल्या कांदेपोह्यांचा आजचा थाट मात्र त्या मानाने अलीकडचा. मिरची, शेंगदाणा आणि बटाटा हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकापासून पुढे युरोपीय दर्यावर्दींच्या व्यापारातून ते जगभर पसरले आणि आपल्या कढईत येऊन पडले. त्यांच्याआधीच्या पोह्यांना तिखटपणासाठी मिरी आणि आलं होतं, ओलावा द्यायला दूध, दही, ताक, नारळ. कोकण-गोव्याच्या सणाच्या पोह्यांमध्ये दूध-नारळाची ही जुनी चव अजून टिकून आहे.

आता कांदेपोहे. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाला ज्यांचं नाव चिकटलं, ते हे पोहे साधे दिसतात, पण बिघडायला अर्धं मिनिट पुरतं. जाड पोहे चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुवावेत. भांड्यात पाणी भरून बुडवून ठेवू नयेत. निथळून दहाएक मिनिटं तसेच राहू द्यावेत, म्हणजे वरचं पाणी दाण्याच्या आत शिरतं. बोटांत दाबल्यावर पोहा चेपला जावा, पण त्याचा लगदा होऊ नये. मीठ आणि चिमूटभर साखर याच वेळी हलक्या हाताने लावावी, मग ती सगळीकडे सारखी लागते.

फोडणीत तेल सढळ हवं. आधी शेंगदाणे तळून बाजूला काढावेत, मग मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, कांदा आणि हळद. कांदा मऊ आणि पारदर्शक होऊ द्यावा, तांबूस नाही. तांबूस कांद्याचा गोडवा पोह्यांवर कुरघोडी करतो. पोहे घातल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर एक दणदणीत वाफ. लिंबू गॅस बंद केल्यावर. कोथिंबीर आणि ओलं खोबरं वाढताना. हे दोन्ही शोभेपुरते आहेत असं समजून जे गाळतात, ते पोह्यांचा शेवटचा ओलावाच काढून घेतात.

आणि वाट पाहत बसू नये. पोहे निवले की पिष्ट पुन्हा घट्ट होत जातं, वरून पाणीही उडतं. अर्ध्या तासात मऊ पोह्यांचे चिवट पोहे होतात. पाण्याचा हबका मारून वाफ दिली की ते बऱ्यापैकी सुधारतात, पण पहिल्यासारखे होत नाहीत. म्हणून आधी माणसं बसवावीत, मग पोहे परतावेत.

ज्या गावांत पोहे सकाळभर विकले जातात, त्यांनी या अडचणीवर आपापले तोडगे काढले. होळकरांच्या काळापासून मराठी वस्ती असलेल्या इंदुरात पोह्यांची मोठी परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावरच ठेवलेली असते. खालून वाफ मिळत राहते, पोहे शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत मऊ. वर बडीशेपेचा वास, जीरावन मसाला, शेव आणि शेजारी जिलबी. नागपूरकरांनी वेगळा मार्ग धरला: पोह्यांवर काळ्या हरभऱ्यांची झणझणीत तर्री ओतायची. पोहा थोडा कोरडा असला तरी तर्री पिऊन तो पुन्हा जिवंत होतो. नागपूरबाहेर वाढलेल्यांना पहिला घास चमत्कारिक वाटतो, पण थंडीतल्या सकाळी या पोह्यांना तोड नाही. बिहारमध्ये मकरसंक्रांतीला दही-चूडा म्हणजे दही-पोहे खातात; तिथे ओलाव्याची जबाबदारी दह्याने उचललेली असते.

दडपे पोहे तर विस्तवावर न ठेवताच होतात. पातळ पोह्यांत खवलेला नारळ, बारीक चिरलेला कांदा, मीठ, साखर, लिंबू किंवा कैरीचा कीस, हवं तर थोडं नारळाचं पाणी. सगळं कालवून झाकणाखाली दडपून ठेवायचं. कांद्याचा आणि नारळाचा रस पोहे शोषून घेतात. वरून खमंग फोडणी आणि सोबत पोह्याचा पापड किंवा तळलेली मिरगुंडं: ओले पोहे आणि कुरकुरीत पोहे एकाच ताटलीत. कोकणातले कोळाचे पोहे याहून रसदार. चिंचेचा कोळ, गूळ, नारळाचं दूध, वर फोडणी; उन्हाळ्याच्या दुपारी जेवण नकोसं झालं की वाडगाभर हेच.

चिवड्यात नियम उलटतो. इथे पाण्याचा थेंबही शत्रू. पातळ पोहे कडक उन्हात द्यावेत, किंवा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर उलथन्याने नव्हे तर कढई हलवत गरम करावेत. बोटांत धरल्यावर चुरा झाला की पुरे. दमट पोह्यांवर फोडणी पडली तर ते आकसतात आणि चामट होतात. शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, काजू वेगवेगळे तळावेत, कारण खोबरं क्षणात लाल होतं आणि शेंगदाण्यांना वेळ लागतो. कढीपत्ता आणि हिरवी मिरची तर पूर्ण कडक होईपर्यंत तळायलाच हवी. त्यांत राहिलेला ओलावा डब्यात गेल्यावर हळूहळू पोह्यांत उतरतो आणि तिसऱ्या दिवशी चिवडा मऊ पडतो. तळलेल्या जाड पोह्यांच्या चिवड्यात मात्र दाण्यातला थोडासा ओलावाच कामी येतो. कडकडीत तेलात त्याची एकदम वाफ होते आणि पोहा दुपटीने फुलतो.

चिवडा पूर्ण निवल्याशिवाय डबा बंद करू नये. आतली वाफ पुन्हा पोह्यांवरच बसते. तरीही मऊ पडला, तर मंद आचेवर पाच-सात मिनिटं परतून घ्यावा, ओलावा उडून कुरकुर परत येते. वरून कच्चा कांदा आणि लिंबू आवडत असेल तर ते ज्याच्या त्याच्या वाटीत, आणि कालवल्याबरोबर लगेच खायचं.