घर गावात की महापालिकेत? ठाणे, कल्याण-डोंबिवलीत सरकारी घरकुल आणि गृहकर्जावरील अनुदान कुणाला मिळतं?

घराच्या मागे शेत, सातबाऱ्यावर गावाचं नाव, पण ग्रामीण घरकुलासाठी नाव पाठवलं की उत्तर येतं, ‘अपात्र’. कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत असं होऊ शकतं. कारण पंतप्रधान आवास योजना एकच वाटत असली, तरी ग्रामीण आणि शहरी असे तिचे दोन वेगळे भाग आहेत. दोन्हींचे नियम, रक्कम आणि अर्जाची जागा वेगळी आहे. त्यामुळे उत्पन्न किती, याआधी घर कोणत्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या हद्दीत आहे, हे पाहावं लागतं.

ठाणे जिल्ह्यात ‘ग्रामीण’ नेमकं कुठे?

जिल्ह्यात शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या पाच पंचायत समित्या आहेत. त्यांच्याखालच्या ग्रामपंचायतींना ग्रामीण योजना लागू होते. पण मुरबाड आणि शहापूर या गावांत आता नगरपंचायत आहे. म्हणजे तालुका ग्रामीण असला, तरी त्याचं मुख्य ठिकाण शहरी योजनेत मोडतं.

सर्वांत जास्त गोंधळ २७ गावांबाबत होतो. निळजे, मानपाडा, सोनारपाडा, हेदुटणे ही त्यातली काही. १९८३ साली कल्याण महापालिका झाली तेव्हा ही गावं तिच्यात होती. २००२ मध्ये ती वगळली आणि १ जून २०१५ पासून पुन्हा घेतली. जून २०२० मध्ये त्यातली १८ गावं बाहेर काढून स्वतंत्र नगर परिषद करण्याचा निर्णय झाला, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यामुळे ही गावं महापालिकेतच आहेत आणि तिथल्या कुटुंबांना शहरी योजनेचे निकष लागतात.

ग्रामीण योजनेत काय मिळतं?

हे कर्ज नाही, अनुदान आहे. सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ किंवा दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये हप्त्याहप्त्याने थेट बँक खात्यात येतात. बांधकाम जसं पुढे जाईल, तसे फोटो काढून पुढचा हप्ता मिळतो. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. शौचालयासाठी १२ हजार रुपये आणि रोजगार हमीतून मजुरी वेगळी मिळते. पैसे कमी पडले, तर ७० हजारांपर्यंत बँकेचं कर्ज घेण्याची सोय आहे.

पात्रता बेघर किंवा कच्च्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना आहे. यादीला ग्रामसभेची मंजुरी लागते. पुढील गोष्टी असतील तर नाव वगळलं जातं:

- तीनचाकी किंवा चारचाकी वाहन
- ५० हजार किंवा जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड
- घरात सरकारी नोकरी, किंवा कुणाचंही महिन्याला १५ हजारांपेक्षा जास्त उत्पन्न
- प्राप्तिकर किंवा व्यवसाय कर भरणारी व्यक्ती
- अडीच एकर किंवा जास्त बागायती, अथवा पाच एकर किंवा जास्त जिरायती जमीन

दुचाकी किंवा फ्रिज असल्यामुळे आता कुणी अपात्र ठरत नाही. २०२४ मध्ये ती अट काढली.

शहापूर, मुरबाडमधल्या कातकरी कुटुंबांसाठी ‘पीएम-जनमन’ ही वेगळी योजना आहे आणि तिच्यात घरासाठी २ लाख रुपये मिळतात.

महापालिका हद्दीत काय मिळतं?

इथे १ सप्टेंबर २०२४ पासून ‘शहरी २.०’ सुरू आहे. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत हवं. पती, पत्नी किंवा अविवाहित मुलं यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. गेल्या २० वर्षांत कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. गावाकडचं वडिलोपार्जित पक्कं घर अर्जदाराच्या नावावर असेल, तर डोंबिवलीतला अर्ज अडकू शकतो.

गृहकर्ज घेणाऱ्यांसाठी व्याज अनुदान आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सवलत मिळते. एकूण रक्कम जास्तीत जास्त १ लाख ८० हजार असते आणि ती पाच वार्षिक हप्त्यांत कर्ज खात्यात जमा होते. त्यासाठी कर्ज चालू असायला हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असायला हवं. किमतीच्या या मर्यादेमुळे ठाणे शहरापेक्षा टिटवाळा, बदलापूरकडच्या घरांना ही सवलत मिळण्याची शक्यता जास्त आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या ३ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी मात्र वेगळा घटक आहे. त्यात केंद्र आणि राज्याचे मिळून अडीच लाख रुपये मिळतात.

बँकेने कर्ज दिलं म्हणजे इमारत अधिकृत?

नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. या इमारतींना खोट्या परवानग्यांच्या आधारे महारेराचा नोंदणी क्रमांक मिळवलेला होता. त्यामुळे कर्ज, अनुदान किंवा नोंदणी क्रमांक यांपैकी एकावर विसंबून चालत नाही. टोकन देण्याआधी बांधकाम परवानगीचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळावा.

सुरुवात कुठून करायची?

घरपट्टीची पावती पाहावी. ती ग्रामपंचायतीची असेल, तर ग्रामसेवक आणि पंचायत समिती. महापालिका, नगर परिषद किंवा नगरपंचायतीची असेल, तर त्या कार्यालयातला आवास योजना कक्ष, आणि गृहकर्जासाठी बँक. ग्रामीण किंवा शहरी, दोन्हीपैकी एकाच भागाचा लाभ घेता येतो.