उसाची साखर मोजतो, रक्ताचीही मोजूया

सभासद बंधू-भगिनींनो,

तोडणीचा कार्यक्रम लावण्यापूर्वी आम्ही फडात येतो, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकतो आणि ब्रिक्स पाहतो. ऊस दिसायला कसाही असो, आकडा पाहिल्याशिवाय तो पक्व झाला असे आपण म्हणत नाही. मग स्वतःच्या रक्तातील साखरेबाबतच आपण अंदाजाने का चालतो?

वैनगंगेच्या काठचे एक सभासद मला नेहमी आठवतात. मधुमेह निघून तीन वर्षे झाली होती. "साहेब, मले काईच त्रास नाई, मंग गोळ्या कायले खाऊ?" असे म्हणत तोडणीच्या घाईत त्यांनी औषध सोडले. फडात उसाचा खुंट पायात रुतला, पण बधिर झालेल्या पायाला ते कळलेच नाही. जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. त्रास नव्हता, पण साखर आपले काम करीतच होती.

मधुमेह शहरी, जाड माणसाचा आजार, ही समजूत आता टाकून द्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, आपला माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. म्हणून वयाची तिशी ओलांडली की तपासणी करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते.

आकडे लक्षात ठेवा. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे धोक्याची सूचना, १२६ वा अधिक दोनदा आली तर मधुमेह. उपचार सुरू असलेल्यांनी साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत ठेवावी. वयोवृद्धांसाठी डॉक्टर वेगळा आकडा सांगतील, तोच पाळावा.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागासाठी एक खास गोष्ट. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी तांबड्या पेशींवर चालते. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे साखर जास्त असूनही आकडा कमी येऊ शकतो. वाहकांच्या बाबतीतही काही पद्धतींत आकडा चुकतो. म्हणून घरात सिकलसेल असेल तर तपासणीपूर्वीच डॉक्टरांना सांगा.

आता जेवणाचे. आपण धानाच्या मुलखातले. ताटात भाताचा डोंगर आणि बाजूला चिमूटभर भाजी. भात पोटात गेला की त्याचीच साखर होते. भात बंद करायचे कारण नाही, पण तो अर्धा करा आणि राहिलेल्या जागी डाळ, पोपटाच्या शेंगा, तरोटा, अंबाडी, शेवग्याची भाजी येऊ द्या. एक वेळ ज्वारीची भाकर बरी, पण तीही मोजून. "साखर नाही, गूळ चालतो ना?" असे पुष्कळ जण विचारतात. साखर कारखान्याचा माणूस असूनही सांगतो, गूळ, साखर, मध, रस, सगळ्यांनी रक्तातली साखर वाढते.

गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी फडात जाऊ नका. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्या आणि मग जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तातडीने दवाखान्यात न्या. खिशात साखरेची पुडी बाळगा, घरच्यांनाही हे सांगून ठेवा. रिकाम्या पोटी मोहाची दारू आणि मधुमेहाची गोळी, ही जोडी जिवावर बेतते. खर्रा सोडा, तो पायाच्या रक्तवाहिन्या आखडवतो.

फडात अनवाणी जाऊ नका. संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांत पाहा. दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात इन्शुलिनची बाटली खिडकीत ठेवू नका. फ्रीज नसेल तर ओल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डब्यात ठेवा.

मुख्य गोष्ट इतकीच. गळीत हंगाम असो, रोवणी असो की लग्नसराई, औषध आणि तपासणी थांबवू नका. गोळ्या कमी-जास्त डॉक्टरच करतील. खताची मात्रा चुकली तर पुढच्या हंगामी सुधारता येते, पण गेलेला पाय आणि गेलेली नजर परत येत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी