शिंगरूं रिंगणांत दाखविण्याची रीत व परीक्षकांची आवडनिवड

मार्गशीर्षी पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, नंदुरबार जिल्ह्यांत तापीच्या कांठीं सारंगखेडें येथें यात्रा भरते व तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. त्याच महिन्याच्या वद्य पक्षांत नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं खंडोबाच्या यात्रेंत घोडीं, गाढवें व उंट येतात. अशा बाजारांतून आणि ठिकठिकाणच्या पशुप्रदर्शनांतून जनावरें रिंगणांत आणून परीक्षकांपुढें उभीं करण्याची चाल आहे, व ज्या शिंगराचा नंबर लागला त्याची किंमत त्याच दिवशीं चढते. घोडी सुमारें अकरा महिने गाभण राहते. पुढें शिंगरूं विकण्याजोगें होईपर्यंत त्यास दोन-अडीच वर्षें दाणावैरण घालावी लागते. इतक्या काळाच्या खर्चाचें आणि मेहनतीचें मोल रिंगणांतील दहा मिनिटांवर पुष्कळ अंशीं अवलंबून राहतें. असें असतां आपले बहुतेक शेतकरी शिंगरूं पोटच्या पोराप्रमाणें वाढवितात, आणि त्या दहा मिनिटांची तयारी मात्र आदल्या दिवशीं सायंकाळीं सुरू करतात.

स्वारावांचून, केवळ दोर हातीं धरून जनावर दाखविण्याच्या या प्रकारांत परीक्षकास थोडक्याच गोष्टी पाहावयास मिळतात: शिंगरूं उभें कसें राहतें, चालतें कसें आणि माणसाशीं वागतें कसें. वयाचे वर्ग बहुधा दांत पाहून पाडतात. ज्याचे दुधाचे दांत अद्याप पडले नाहींत तें अदंत. सुमारें अडीच वर्षांचें होतां वरचे व खालचे मधले दोन दोन कायमचे दांत फुटतात, साडेतिनाच्या सुमारास त्यांच्या बाजूचे व साडेचाराच्या सुमारास कोपऱ्याचे येतात. अदंतांच्या वर्गांत सव्वादोन वर्षांचें भरदार शिंगरूं दीड वर्षाच्या शिंगराशेजारीं उभें राहिलें म्हणजे पहिल्याचा डौल आपोआप दुप्पट दिसतो. म्हणून कोणत्या महिन्यांत जन्मलेलें शिंगरूं कोणत्या वर्षीं न्यावें, याचा हिशेब चतुर मनुष्य आधींच करून ठेवतो. दुसरी एक गोष्ट अशी कीं, वाढत्या वयांत शिंगराचा मागचा भाग कांहीं दिवस पुढच्या भागापेक्षां उंच होतो व मग पुढचा भाग त्याला गांठतो. पुठ्ठा चढलेला असतांना तें ओबडधोबड दिसतें. अनुभवी परीक्षक हें ओळखून सवलत देतात, पण सगळेच देत नाहींत. तेव्हां त्या महिन्यांत घरीं राहण्यांत कमीपणा नाहीं.

परीक्षकांची आवडनिवड असा शब्द काढतांच आपल्याकडे माणसें हंसतात, व ज्याची ओळख त्याचा नंबर असें म्हणून मोकळीं होतात. तसें कोठेंच घडत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दोन प्रामाणिक परीक्षकांनीं तींच पांच शिंगरें निरनिराळ्या क्रमानें लावणें हें अगदीं स्वाभाविक आहे. एका शिंगराचें तोंड व कान देखणे आहेत पण मागच्या पायांचे सांधे कोयत्यासारखे वांकलेले आहेत. दुसऱ्याचें तोंड साधें पण चारी पाय ओळंब्यांत आहेत. जो परीक्षक जातीची ठेवण प्रथम पाहतो तो पहिल्यास वर घेईल. ज्यानें आयुष्य स्वारीत घालविलें तो दुसऱ्यास. दोघांपाशींही कारण आहे. जें जनावर लंगडतें त्याला मात्र दोघेही खालीं घालतील.

मारवाडी व काठियावाडी घोड्यांचे कान आंत वळलेले असून उभारले असतां त्यांचीं टोकें एकमेकांस टेंकतात. ही त्या जातींची ओळखच असल्यामुळें परीक्षकानें ती पाहावी हें योग्य होय. भोवऱ्यांची गोष्ट निराळी. मानेवरून खालीं उतरणारा लांब भोवरा देवमण म्हणून शुभ मानतात. डोळ्याखालचा अशुभ मानतात. चारी पाय व तोंड पांढरें असलेलें जनावर पंचकल्याणी म्हणून भाव खातें. केंसांची ही वळणें शिंगरूं पोटांत असतांनाच ठरलेलीं असतात व त्यांचा धावण्याशीं किंवा धन्याच्या दैवाशीं कांहीं संबंध नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. तथापि गिऱ्हाईक त्याविषयीं विचारणारच. तेव्हां आपल्या शिंगराचे भोवरे कोठें आहेत तें धन्यानें घरींच पाहून ठेवावें आणि कोणी पुसल्यास लपवूं नये. भोवरा पाहून शिंगराची किंमत ठरूं द्यावी लागली तरी घोडी कोणत्या घोड्याकडे न्यावी हें भोवऱ्यावरून ठरविण्याचें कारण नाहीं.

ज्या आवडीनें खरोखर नुकसान होतें ती उंचीची. बाजारांत पहिला प्रश्न 'किती इंच?' हाच असतो, आणि परीक्षकांतही उंच जनावरापुढें अंमळ अधिक थांबणारे पुष्कळ असतात. त्याचा परिणाम असा होतो कीं वर्षाच्या शिंगरास हरभरा, गहूं, तूप, गूळ, दूध असें ठांसून घालतात, आणि व्यायाम म्हणाल तर खुंट्याभोंवतीं दोन हात. अशा खाण्यानें शिंगरूं लवकर वाढतें व चकचकीत दिसतें खरें. पण हाडें पक्कीं होण्यापूर्वींच त्यांच्यावर वजन पडतें. गुडघ्यावरील व घोट्यावरील भाग सुजल्यासारखा फुगतो, खुरावरील सांधा ताठ होतो, पाऊल आखूड पडूं लागतें. गव्हाच्या कोंड्यावर अधिक भर असेल तर आणखी एक संकट उभें राहतें. कारण कोंड्यांत स्फुरद फार व चुना फारच थोडा असतो. शरीरास चुना कमी पडला म्हणजे तो हाडांतून काढून घेतला जातो, हाडें पोकळ होतात व जबड्याचीं हाडें फुगून तोंड मोठें दिसूं लागतें. एकंदर खाण्यांत चुना स्फुरदापेक्षां कधींही कमी नसावा. दीडपट ते दुप्पट असल्यास उत्तम. याकरितां लसूणघास ही शेतकऱ्याच्या घरची सर्वांत स्वस्त तोड आहे. चांगली वैरण पोटभर, लसूणघास बेताचा, दाणा मोजका, मीठ चाटावयास, व रोज मोकळ्या रानांत धांवणें, इतक्यानें वाढलेलें शिंगरूं इंच-दीड इंचानें मागें राहिलें तरी चौथ्या वर्षीं पाय धड असलेलें तेंच असेल. फांसळ्या डोळ्यांना दिसूं नयेत पण हात फिरविला असतां बोटांना लागाव्या, हें अंगाचें योग्य माप समजावें.

येथें आपल्या दक्षिणेंतील भीमथडी घोड्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य वाटतें. भीमेच्या खोऱ्यांतील हें काटक जनावर मराठ्यांच्या घोडदळांत नांवाजलेलें होतें. आज तें मुख्यत्वें धनगरांच्या कळपांबरोबर बिऱ्हाडाचें ओझें वाहतांना दिसतें. स्वतंत्र जात म्हणून त्याची राष्ट्रीय पातळीवर नोंद 2023 सालीं झाली. असें भीमथडी शिंगरूं मारवाडी शिंगरांच्या रांगेंत उभें केलें तर कान व उंची पाहणाऱ्या डोळ्यांना तें हिणकस दिसणार यांत नवल नाहीं. त्याची खरी परीक्षा आखूड भक्कम पाठ, कठीण खूर आणि डोंगरवाटेनें ओझ्यासह दिवसभर चालण्याची ताकद यांवरून व्हावयास पाहिजे. जात नोंदली गेली तरी परीक्षकांनीं तिला तिच्या मापानें मोजलें नाहीं, तर पाळणारे तिला मारवाडी घोडा लावून उंच करूं पाहतील, आणि जें राखावयाचें तेंच हातचें जाईल. प्रदर्शन भरविणाऱ्यांनीं तिचा वर्ग निराळा ठेवावा अशी आमची सूचना आहे. तोंपर्यंत धन्यानें प्रवेश देण्यापूर्वीं वर्ग कोणता व परीक्षक कोण याची चौकशी करावी.

अमुक एका परीक्षकाची नजर कशी आहे हें कळण्यास सोपा उपाय आहे, पण तो फारसा कोणी करीत नाहीं. आपला वर्ग दुपारीं असेल तर सकाळचे वर्ग कडेला उभें राहून पाहावे. परीक्षक जनावराजवळ येतांच प्रथम तोंडाकडे पाहतो कीं वांकून पायांकडे? चालवून पाहतांना मागें उभा राहून शेवटपर्यंत न्याहाळतो कीं चार पावलांत मान वळवितो? पहिल्या तीन नंबरांच्या जनावरांत समान असें काय आहे? दोन वर्ग असे पाहिले म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो. शिंगरूं बदलतां येत नाहीं. पण त्याचा कोणता गुण प्रथम दृष्टीस पडावा हें बदलतां येतें. पाय पाहणाऱ्यापुढें तें आखूड स्वच्छ गवतावर, सपाट जागीं उभें करावें. चाल पाहणाऱ्यापुढें पुढच्या जनावरापासून अंतर राखून मोकळें चालवावें. निकाल लागल्यावर, गर्दी ओसरली म्हणजे, आपलें शिंगरूं खालीं कां गेलें हें नम्रपणें विचारावें. बहुतेक परीक्षक सांगतात. उत्तर पटो न पटो, वहींत टिपून ठेवावें. तींच खोड दोन-तीन परीक्षकांनीं दाखविली तर ती शिंगरांत आहे असें समजावें.

आतां शिकवणुकीकडे वळूं. आईपासून तोडल्यावर, पांच-सहा महिन्यांच्या वयांतच, शिंगरास म्होरकी घालून बरोबर चालावयास शिकवावें. ओढणाऱ्याच्या मागें फरफटत येणारें शिंगरूं रिंगणांत वाईट दिसतें; धरणारानें डाव्या बाजूस त्याच्या खांद्याशीं राहावें व शिंगरानें त्याच्या बरोबरीनें पाऊल टाकावें. रोज दहा-पंधरा मिनिटें पुरत. चारी पाय एकेक करून उचलूं देणें, तोंड उघडून दांत पाहूं देणें, परक्या माणसाचा हात अंगावर सोसणें, बाजाराचा ताशा ऐकून न बिथरणें, या संवयी घरींच लागल्या पाहिजेत. खूर दीड-दोन महिन्यांनीं नेमानें तासावे. प्रदर्शनासाठीं तासावयाचे तर आठ-दहा दिवस आधीं, आदल्या दिवशीं नव्हे, कारण नालबंदाकडून खूर जास्त कापला गेला तर दुसऱ्या दिवशीं पाऊल दुखरें पडतें. अंगाची चमक खराऱ्यानें येते. तेल फासल्यानें धूळ बसते एवढेंच.

रिंगणांत उभें करतांना परीक्षकाच्या बाजूचा पुढचा पाय किंचित् पुढें व मागचा किंचित् मागें असावा, म्हणजे पलीकडचे दोन पाय झांकले न जातां चारी पाय दिसतात. जागा उंचसखल असल्यास पुढचा भाग चढाकडे करावा. धरणारानें समोर, हातभर अंतरावर उभें राहावें. परीक्षक फिरेल तसतसें बाजूस सरावें. त्याच्या आणि जनावराच्या मध्यें येऊं नये. मूठभर हिरवें गवत दाखविलें कीं कान आपोआप उभारतात. आपल्याकडे दोहों बाजूंनीं दोन माणसें दोर ताणून धरतात व मान आभाळाकडे चढवितात. त्यानें कान भिडलेले दिसतात हें खरें, पण पाठ खचते, मागचे पाय लांबतात, आणि जाणता परीक्षक मनांत एक खूण करून पुढें जातो. दांडग्या वळूस दोन दोर लागत असतील. शिंगरास लागूं नयेत.

चालवून दाखवा असें सांगितलें म्हणजे सरळ रेषेंत परीक्षकापासून दूर जावें, वळतांना शिंगरास आपल्यापासून बाहेरच्या बाजूस वळवावें, व दुडक्या चालीनें सरळ त्याच्याकडे यावें. दोर सैल ठेवावा. धरणारा मागें वळून शिंगराकडे पाहूं लागला कीं तें थांबतें. त्यानें दृष्टि पुढें ठेवून धांवावें. म्हणून धरणारा तरुण व दमदार असावा. घरचा कर्ता मनुष्य फेटा सांवरीत धापा टाकीत आला तर शिंगराची दुडकी त्याच्या दमाइतकीच दिसते; असें काम पुतण्याकडे सोंपवावें. पाय आडवे टाकीत नाचणें हें वेगळ्या स्पर्धेचें काम आहे. दोन वर्षांच्या शिंगरास नाचाची ओढाताण करणें म्हणजे त्याचे सांधे आजच खर्ची घालणें होय.

बाजाराला निघण्यापूर्वीं पशुवैद्याकडून रक्त तपासून आरोग्याचा दाखला घ्यावा. ग्लँडर्स हा घोड्यांचा घातक रोग 2006 सालीं महाराष्ट्रांत पुणें-पांचगणीकडे पुन्हां उद्भवला, व तेव्हांपासून देशांत अधूनमधून डोकें वर काढीत आला आहे. तो माणसासही होऊं शकतो, त्यावर लस नाहीं, व रोगी ठरलेलें जनावर नियमानें मारावें लागतें. दाखला ही नुसती कागदाची अडचण नव्हे. बाजारांत सामाईक हौदावर पाणी पाजूं नये; आपली बादली, आपला तोबरा व आपला खरारा बरोबर न्यावा. परत आल्यावर शिंगरूं नंबर घेऊन आलेलें असो वा नसो, त्यास तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळें बांधावें, त्याचें दाणापाणी शेवटीं करावें, आणि नाकांतून शेंबूड वाहूं लागला किंवा जबड्याखालीं गांठ आली तर त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलवावें.